शेवटच्या माणसाचं मीठ

३ मार्च

प्रिय ठमे,

वर काय लिहावं यातच अर्धा तास गेला. आशीर्वाद लिहायचा हक्क माझ्याकडे उरला आहे की नाही, ठाऊक नाही. खुशाली विचारावी, तर तू उत्तर द्यायची नाहीस. म्हणून नुसतं तुझं घरातलं नाव लिहिलं. तुझी आई गेल्यापासून सात वर्षांत ते या घरात कोणी मोठ्याने उच्चारलेलं नाही. लिहिताना शाई जरा फुटली आहे, ती हात कापतो म्हणून. दुसरा अर्थ काढू नकोस.

पत्ता तुझ्या दादाच्या वहीतून उतरवून घेतला. त्याला सांगितलेलं नाही.

मी त्याच घरात आहे, दुसऱ्या मजल्यावर. दादा, वहिनी आणि त्यांची मुलगी माझ्याजवळ राहतात, की मी त्यांच्याजवळ राहतो, हे हल्ली नीट सांगता येत नाही. मुलगी सहा वर्षांची आहे. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी थांबली तर घर पडेल असं तिला वाटतं. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. कुठे ना कुठे कोणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेलं असतं आणि याचा फोन वाजतो. वहिनी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. पहाटे साडेपाचला बाहेर पडते ती संध्याकाळी येते.

तेव्हा स्वयंपाक कोण करणार? कोणीच नाही. रविवारी दोघं जाऊन आठवड्याचे तयार डबे आणतात. चौकोनी, वर पारदर्शक कागद ताणून बसवलेला. वहिनी प्रत्येकावर पेनाने वार लिहिते आणि ते बर्फाच्या कप्प्यात पुस्तकांसारखे उभे लावते. सोमवारचा भात आणि भाज्यांचा रस्सा, मंगळवारचे वाटाणे-बटाटे, असं. तीन मिनिटं यंत्रात फिरवायचं, कागद फाडायचा. तुझ्या आईचा ओटा इतका स्वच्छ आहे की त्यावर मला माझं तोंड दिसतं.

मी तक्रार करत नाही. बरं, करतो आहे.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आम्ही चौघं जेवायला बसलो. भिंगरीला शाळेतून घरातल्या माणसांचं चित्र काढायला सांगितलं होतं. ते चित्र टेबलावरच होतं. पहिला घास घेतला आणि चौघांनी एकदमच वर पाहिलं. रश्श्यात मीठ नव्हतं. कमी नव्हतं, नव्हतंच. दादाने मीठ घेतलं, वहिनीने घेतलं, मी घेतलं. ढवळलं. पुन्हा तेच. भिजवलेला पुठ्ठा खावा तसं. तेव्हापासून रोज असंच आहे.

तुझ्या आईची पद्धत तुला वेगळी सांगायला नको. सगळं शिजवून ठेवायची, पण शेवटचा माणूस उंबऱ्याच्या आत आल्याशिवाय मीठ घालायची नाही. मग माणशी एक चिमूट. ज्याला आधी भूक लागेल त्याने अळणी खावं. तू जिन्यातूनच ओरडायचीस, "आई, मी आले गं, टाक माझं!"

उगाच आठवलं. पत्र मिळालं तर नुसती पोच कळव.

बाबा


११ मार्च

प्रिय ठमे,

पोच आली नाही. पोस्टाला वेळ लागत असेल.

वहिनीने छडा लावायचं मनावर घेतलं. तिला कोडं सुटल्याशिवाय झोप येत नाही. बुधवारचा रस्सा तिने झाकणाच्या छोट्या बाटलीत भरून नेला. तिच्याकडे रक्तातलं मीठ मोजायचं यंत्र आहे. त्यात तिने, वरिष्ठ जेवायला गेलेले असताना, आमचा रस्सा पातळ करून घातला. घरी आल्यावर पर्स खांद्यावरून न काढता म्हणाली, "बाबा, मीठ आहे. हवं तेवढं आहे, वर थोडं जास्तच आहे."

"मग जिभेला का लागत नाही?"

"चौघांच्या जिभा एका दिवशी कशा बिघडतील? काढून नेता आल्या असत्या तर त्याही तपासल्या असत्या."

दादाने दुसऱ्या कंपनीचे डबे आणले, मग तिसऱ्या. काही फरक नाही. शेवटी त्याने जे केलं ते तू पाहायला हवं होतंस. गरम डबा आणि चमचा घेऊन तो दाराबाहेर जिन्यात उभा राहिला. एक घास खाल्ला. "आहे," म्हणाला. उंबऱ्याच्या आत पाय टाकून दुसरा घास घेतला. "नाही." पुन्हा बाहेर. "आहे." पुन्हा आत. "नाही." समोरच्या घरातली शिंपीणबाई दार किलकिलं करून पाहत होती. ती म्हणाली, "भांडण झालंय का? आत घेत नाहीत वाटतं!" दादा हसला. मला हसू आलं नाही. उंबऱ्याच्या त्या कडेवर त्याचं तोंड कसं पालटत होतं ते मी पाहत होतो.

त्या रात्री जेवताना माझ्या तोंडून निघून गेलं, "याला कोणाचा हातच लागलेला नाही. घरचं अन्न असतं तर असं झालं नसतं."

वहिनीने चमचा खाली ठेवला. "कोणाचा हात हवा होता, बाबा? मी साडेपाचला निघते. ह्यांचे हात तेल-ग्रीसमध्ये. दिवसभर घरात रिकामे असलेले हात दोनच आहेत, आणि ते पेपर धरतात."

"मी तसं म्हटलं नाही."

"आईंनी चाळीस वर्षं इथे उभं राहून काढली. तुम्ही एक कांदा तरी चिरलात का?"

मी उठून खोलीत गेलो. खरं बोललेलं ऐकलं की मला नेहमी खोलीत जावंसं वाटतं. तुला ते माहीत आहे. पडल्या पडल्या चौथीच्या पुस्तकातली एक कविता आठवत राहिलो. संध्याकाळी न परतलेल्या होडीची होती. गुरुजी ती हळू चालीवर म्हणायचे आणि मागे आम्ही चाळीस पोरं. माझ्या पुस्तकातलं पुढचं पान फाटलेलं होतं, त्यामुळे शेवटच्या कडव्याला मी नुसते ओठ हलवायचो. होडी आली की नाही, ते मी साठ-पासष्ट वर्षांत कोणाला विचारलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट लिहितो. भिंगरी जेवत नाही. रडत नाही, हट्ट करत नाही. हात धुते, खुर्चीवर बसते, दोन्ही हात मांडीवर ठेवते आणि दाराकडे पाहत राहते. भिंगरी, ठमे, आणि ती हलत नाही.

बाबा


२० मार्च

प्रिय ठमे,

मुलीचं वजन सव्वा किलोने उतरलं आहे. शाळेत मैत्रिणीच्या डब्यातले दोन घास खाते, घरी थोडं दूध पिते. एवढंच. बालरोगतज्ज्ञ म्हणाल्या, तब्येतीत काही दोष नाही. घरी साधं शिजवून द्या, सगळे एकत्र बसा, चवीचा बाऊ करू नका. वहिनी ते ऐकताना खिडकीबाहेर पाहत होती. बाहेर आल्यावर दादाला म्हणाली, "म्हणजे माझंच चुकलं." दादा म्हणाला, "आपलं." मागून मी चाललो होतो. माझ्याकडे कोणी वळून पाहिलं नाही, आणि मीही बोललो नाही की यात तुम्हा दोघांची काडीची चूक नाही.

रविवारी दोघांनी स्वयंपाक केला. दादाने बटाटे सोलले, यंत्राचा भाग सुटा करावा तसे, एकही साल न तुटता. वहिनीने पुस्तक उघडं ठेवून भात लावला. मी कांदा चिरला. हो, मी. बोट कापून घेतलं आणि कोणाला दाखवलं नाही. खिडकीच्या काचांवर वाफ धरली. सात वर्षांत पहिल्यांदा घराला घरासारखा वास आला. आम्ही तिघंही जरा लाजल्यासारखे झालो होतो.

जेवण अळणी होतं. डब्यांपेक्षाही.

वहिनी ताटावर रडली. "मी आता काय करू? सांगा ना कोणीतरी!" तिला मी असं कधी पाहिलेलं नाही.

तेव्हापासून दुपारी मीच काहीतरी शिजवतो. भाताची पेज, उकडलेला बटाटा, अंडं. लोणी घालतो. तिने शाळेतून यावं आणि वास घेऊन पातेल्यापाशी धावावं म्हणून. ती येते, हात धुते, बसते.

परवा मी तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, "भिंगरे, भूक नाही का लागत?"

"लागते की. खूप."

"मग खा ना बाळा."

"ती थांब म्हणते."

"कोण?"

"ती, ओट्यापाशी असते ती." तिने बोट दाखवलं नाही, नुसती हनुवटी हलवली. "अजून एक जण यायचंय म्हणते. मग मीठ."

मी ओट्याकडे पाहिलं. पातेलं, चमचा, पुसायचं फडकं. दुपारचं लख्ख ऊन पडलं होतं.

"कशी दिसते गं?"

"मला तोंड नाही माहीत. ती तिकडे तोंड करून उभी असते ना. पाठ दिसते. मागे हिरवी गाठ आहे."

ठमे, तुझ्या आईच्या हिरव्या एप्रनची नाडी मागे बांधलेली असायची. तो एप्रन आम्ही तिच्यासोबतच दिला. घरात त्याचा एकही फोटो नाही. आणि मिठाची ती पद्धत तिच्यानंतर या घरात कोणी पाळलेली नाही, या पोरीला सांगितलेलीही नाही.

मी दादाला काही बोललो नाही. तू म्हणशील म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तसंही असेल. पण मुलगी खंगते आहे, हे माझ्या डोक्यात नाही, तिच्या मनगटावर दिसतं. तू एकदा येऊन जा. एका जेवणापुरती. जुनं सगळं बाजूला ठेव. तुझी आई गेली तेव्हा फोन लागत नव्हते, हे मी तेव्हा कळवलं होतंच.

बाबा


२२ मार्च

ठमे,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं आहे. ते पत्र पेटीत टाकलं आणि परत काढता येईना, म्हणून हे.

फोन चालू होते. मी लावला नाही.

तुझी आई बावीस दिवस अंथरुणावर होती. रोज सकाळी विचारायची, "ठमी निघाली का?" आणि मी रोज सांगायचो, "निघाली, वाटेत आहे." पहिल्या दिवशी लावणारच होतो. नंबर समोर होता. पण तेवढ्यात ती म्हणाली, "ती आली की झालं. मग मी मोकळी." माझ्या मनात काय आलं ते तू समजू शकशील, जगात दुसरं कोणी समजणार नाही. मला वाटलं, शेवटचा माणूस यायचा आहे तोवर ही ओटा सोडणार नाही. कधी सोडलाय तिने? तू रात्री अकराला आलीस तरी पातेलं विस्तवावर आणि ती उभी. मग मी तुला यायलाच दिलं नाही तर ती उभीच राहील.

असा हिशेब मी केला. बावीस दिवस तिला तुझी वाट पाहायला लावली, तिला धरून ठेवण्यासाठी. तेविसाव्या सकाळी ती गेली, वाट पाहतच. तुला आठवड्यानंतर कळलं. दादालाही मी सांगितलं होतं की तुला कळवलंय, तू येत नाहीस. त्याने तुझ्यावर वर्षभर राग धरला.

आणखी एक आहे. तू दूरच्या वेधशाळेत नोकरी धरलीस तेव्हा दारात उभा राहून मी म्हणालो होतो, "गेलीस तर या घरात तुझ्या वाटचं मीठ पडायचं नाही." दुसऱ्या घरात हे नुसतं बोलणं झालं असतं. आपल्या घरात ते काय होतं, हे मला तुझ्या आईच्या तोंडावर दिसत होतं. त्यानंतर चार वर्षं ती तुझी चिमूट बाजूला काढून ठेवायची. अन्न जरासं कमी लागायचं.

आता हे सगळं केव्हा सुरू झालं ते. भिंगरी घरातल्या माणसांचं चित्र काढत होती. मला विचारलं, "आजोबा, तुम्हाला मुलं किती?" मी म्हणालो, "एकच. तुझा बाबा."

त्याच संध्याकाळी मीठ गेलं.

माझ्यासाठी येऊ नकोस. मी त्या लायकीचा नाही, हे मी लिहून देतो. पण ती पोर सहा वर्षांची आहे आणि तिने तुझं काही वाईट केलेलं नाही.

दादाला आणि वहिनीला हे सगळं आज संध्याकाळी सांगणार आहे. दार बंद करून खोलीत जाणार नाही.

बाबा


९ एप्रिल

प्रिय ठमे,

तू परत सुखरूप पोचल्याचं दादाकडून कळलं. त्याला फोन केलास, बरं केलंस. फोन ठेवून तो बराच वेळ पक्कड पुसत बसला होता.

तू आलीस त्या संध्याकाळची सगळी लगबग तुला कळली नसेल, म्हणून लिहितो. तू येणार हे कोणालाच माहीत नव्हतं. मंगळवारचे चार डबे गरम झाले होते आणि पाचवा नव्हता. वहिनी तुझ्या हातातली बॅग घ्यायचीही विसरली, तशीच उभी राहून म्हणाली, "अगंबाई! आणि घरात काही केलेलं नाही!" म्हणून ते चार डबे आणि माझी दुपारची पेज, सगळं मिळून पाच ताटांत वाढलं. कंपनीचं किती आणि माझं किती, ते कोणाला सांगता आलं नसतं. मी मात्र भिंगरीकडे पाहत होतो. ती दाराकडे पाहत नव्हती. तुझ्याकडे एकदा पाहिलं, चमचा उचलला आणि खायला लागली. शहाणपणाने नव्हे, अधाशासारखी. भात गालाला लागला होता. वहिनीने दादाचं मनगट धरलं आणि किती वेळ सोडलंच नाही.

आणि मग दादा ओरडला, "खारट!"

महिनाभराच्या सवयीने आम्ही सगळ्यांनीच ताटात मूठ मूठ मीठ ओतलं होतं. वहिनी खोकायला लागली. तू घास हातात घेऊन म्हणालीस, "हे तुम्ही रोज खाता?" आणि सगळे हसत सुटले. पाण्याचा तांब्या फिरला. दादा म्हणाला, "ठमे, वेधशाळेत नेऊन तपास, समुद्र आहे हा." मीही तोंड वाकडं केलं, मीही दोन पेले पाणी प्यायलो.

जाताना दारात तू म्हणालीस, "मी तिच्यासाठी आले. तुमच्यासाठी नाही." मी म्हटलं, "बरोबर आहे." ते खरंच बरोबर आहे. तेवढंही माझ्या वाटणीपेक्षा जास्त आहे.

भिंगरी आता घर डोक्यावर घेते. वजन भरून आलं आहे. डबे येतात, पण बुधवार आणि रविवार माझे. डब्यांवर वहिनी वार लिहिते, तसं त्या दोन दिवसांवर तिने 'आजोबा' लिहून कप्प्यात कागद लावला आहे. दादा म्हणतो, आजोबांची पेज आणि ती ढवळताना गुणगुणलेलं होडीचं गाणं दोन्ही पातळ असतात. चव सगळ्यांना लागते. सगळे नुसते जेवतात. चांगल्या घरात असंच असतं.

तुझ्याशी पुन्हा खोटं बोलायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून एक सांगतो. ते पाणी मी खोटं प्यायलो. माझ्या ताटात मीठ नव्हतं. तुम्ही सगळे खारट म्हणून ओरडत होतात आणि माझ्या जिभेवर पाणी, नुसतं पाणी. आजही तसंच आहे. डब्यातलं, घरचं, जिन्यात उभं राहून खाल्लेलं, सगळं सारखंच. माझी चिमूट बहुतेक तुझ्या आईने बाजूला काढून ठेवली आहे.

काल भिंगरीला विचारलं, "ती असते का गं अजून ओट्यापाशी?"

"असते की," ती चित्र रंगवता रंगवता म्हणाली. "पण आता इकडे वळली आहे."

"कशी आहे दिसायला?"

"हसरी आहे. तुमच्याकडे बघते."

मी भ्यायलो नाही, ठमे. जरा केस नीट केले.

दादाला एक काम सांगून ठेवलं आहे. तुझा नंबर त्याच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून घेतला. माझी वेळ आली की फोन त्याने लावायचा, लगेच, पहिल्या दिवशीच. माझ्यावर सोपवायचा नाही. यावेळी तुला कळेल.

आणि फोन आला तर तशीच उठून धावत निघू नकोस. आधी जेवून घे, मग नीघ.

तुझे बाबा